फातमा बेगम : पडद्यामागे उभी राहिलेली पहिली स्त्री

शिक्षण संस्थेच्या स्मरणिकेत आपण बहुधा शिक्षणतज्ज्ञांची, विद्वानांची आणि समाजसेवकांची चरित्रे वाचत आलो आहोत. त्या पंक्तीत एका सिनेनटीचे नाव पाहून काही पालकांच्या कपाळावर आठी पडेल, हे प्रस्तुत लेखकास ठाऊक आहे. तथापि वाचकांनी थोडा धीर धरून हे चरित्र अखेरपर्यंत वाचावे, अशी नम्र विनंती आहे. कारण ही हकीकत केवळ नाचगाण्याची अथवा झगमगाटाची नाही. तीन मुलींची जबाबदारी अंगावर असलेल्या एका मुस्लिम स्त्रीने, कोणाच्या दारी हात न पसरता, स्वतःच्या हुनरावर संसार उभा केला. आणि ते करता करता या देशाच्या चित्रपटसृष्टीत तोवर कोणत्याही स्त्रीने न केलेले काम करून दाखवले, त्याची ही हकीकत आहे.

त्या स्त्रीचे नाव फातमा बेगम. इ. स. १९२६ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची चित्रसंस्था काढली आणि ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. भारतातील पहिली स्त्री चित्रपट दिग्दर्शिका म्हणून इतिहासात त्यांचीच नोंद आहे. त्यांची कन्या जुबेदा ही पुढे ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची नायिका झाली. एकाच घरातल्या मायलेकींनी दोन ‘पहिले’ मान मिळवावेत, ही गोष्ट विरळाच.

त्या काळचा सिनेमा

फातमा बेगमांच्या कामाचे मोल कळण्यासाठी तो काळ डोळ्यांपुढे आणला पाहिजे. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यानंतर सतरा वर्षांनी, ३ मे १९१३ रोजी, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्यात तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली. स्त्री नट मिळावी म्हणून फाळक्यांनी पुष्कळ खटपट केली. पण घरंदाज बायका तर राहोतच, ज्यांना समाज आधीच नावे ठेवीत होता त्या बायकाही कॅमेऱ्यापुढे उभ्या राहण्यास तयार होईनात. त्याच साली ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले, तेव्हा कुठे भारतीय पडद्यावर स्त्री दिसली. पण ती सुरुवातच होती. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्याच साळुंक्यांनी केल्या. मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांना लोक डोक्यावर घेत होते, तोच हा जमाना.

सिनेमा तेव्हा मुका होता. पात्रांचे ओठ हलत, आवाज येत नसे. मध्येच काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत संवाद उमटे, आणि ही अक्षरे बहुधा एकाहून अधिक भाषांत असत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी शेजारचा कोणी मोठ्याने वाचून दाखवी. पडद्याजवळ बाजाची पेटी आणि तबला घेऊन वाजवणारे बसत. मोठ्या शहरांत पक्की थिएटरे होती. खेड्यापाड्यांच्या जत्रांत आणि बाजारगावांत फिरते तंबू येत. आपल्या वऱ्हाडाचे नाव तर सिनेमाच्या धंद्याला कायमचे चिकटून राहिले आहे. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा जुना इलाखा नकाशावरून केव्हाच गेला, पण चित्रपट वितरणाच्या हिशोबात या मुलखाला अजूनही सी. पी. बेरार असेच म्हणतात, आणि अमरावती हे त्या वितरणाचे एक जुने केंद्र आहे.

बालपण, रंगभूमी आणि निकाह

फातमा बेगम यांचा जन्म १८९२ साली एका उर्दू बोलणाऱ्या कुटुंबात झाला. त्यांची पहिली तालीम उर्दू रंगभूमीवर झाली. त्या काळी मुंबईच्या पारशी नाटक कंपन्या रेल्वेने साऱ्या हिंदुस्थानभर हिंडत. मालक पारशी असले तरी त्यांच्या बहुसंख्य खेळांची भाषा उर्दू असे. परीकथा, राजेरजवाड्यांच्या कहाण्या, शेरोशायरी आणि गाणी यांचा त्यात भरणा असे. या रंगभूमीवर उभे राहायचे तर पाठांतर चोख हवे, उच्चार साफ हवेत, आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत भाव पोहोचला पाहिजे. हे शिक्षण कोणत्याही शाळेच्या दाखल्यावर लिहिलेले नव्हते. पण फातमा बेगमांना आयुष्यभर तेच उपयोगी पडले.

सुरतेजवळच्या सचिन संस्थानचे नवाब सिदी इब्राहिम मुहम्मद याकूत खान तिसरे यांच्याशी त्यांचा निकाह झाल्याचे सांगितले जाते. हे घराणे मुळात आपल्या कोकणातल्या जंजिऱ्याच्या सिद्द्यांचे. जंजिऱ्याच्या गादीवरचा हक्क सोडून त्या बदल्यात मिळालेल्या मुलखावर १७९१ साली सचिन संस्थानची स्थापना झाली होती. जुबेदा, सुलताना आणि शहजादी या फातमा बेगमांच्या तीन मुली. परंतु या विवाहाचा कोणताही लेखी करार उपलब्ध नाही, आणि नवाबांनी या मुलींना आपल्या मुली म्हणून रीतसर मान्यता दिल्याचीही नोंद नाही.

वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबणे आवश्यक आहे. संस्थानिकाशी नाव जोडले गेलेल्या स्त्रीच्या हाती कागदाचा एक तुकडाही राहिला नाही, आणि त्या एका कागदाच्या अभावी मुलींना बापाच्या नावाचा आधार मिळाला नाही. निकाह हा आपल्याकडे करार मानला जातो; मेहरची रक्कम, साक्षीदार, वकील या साऱ्यांची तजवीज त्यात असते. असे असूनही कित्येक घरांत निकाहनामा कोठे ठेवला आहे हे मुलीला ठाऊक नसते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाहाच्या सरकारी नोंदणीची सोय झालेली आहे. मुलीच्या हाती दागिने देताना निकाहनाम्याची आणि नोंदणीची प्रतही द्यावी, एवढा बोध पालकांनी या प्रसंगातून घेतला तरी पुष्कळ झाले.

तिशीनंतरची नवी वाट

फातमा बेगम यांनी सिनेमात पाऊल टाकले तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते. नायिका म्हणून मिरवण्याचे वय ओसरले, असे त्या काळचे लोक म्हणाले असते. १९२२ साली अर्देशीर इराणी आणि भोगीलाल दवे यांनी स्टार फिल्म कंपनी काढली. तिचा ‘वीर अभिमन्यू’ हा चित्रपट मणिलाल जोशी यांनी दिग्दर्शित केला. यात फातमा बेगम यांनी पहिल्यांदा पडद्यावर काम केले, आणि कन्या सुलताना हीही त्याच चित्रपटात होती. महाभारतातल्या कथेत एका मुस्लिम मायलेकींनी काम करावे आणि साऱ्या जातिधर्मांच्या प्रेक्षकांनी ते कौतुकाने पाहावे, यात त्या वेळी कोणाला काही वावगे वाटले नाही, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रंगभूमीवरून आलेल्या नटीला सिनेमात सारेच नव्याने शिकावे लागे. ज्या आवाजावर तिची भिस्त, तो आवाजच येथे निरुपयोगी. डोळे, भुवया, मान आणि हात यांच्याच भाषेत सारे सांगायचे. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग ओळखता येत नसे, तो काळा उमटे. त्यामुळे चेहरा उजळ दिसावा म्हणून नटनट्यांना दाट फिकट रंग फासावा लागे. विजेचे दिवे महाग, म्हणून चित्रीकरण बव्हंशी सूर्यप्रकाशात होई. कॅमेरा हाताने फिरवावा लागे. उन्हात, रंगाचा थर फासून, भरजरी पोशाखात तासन् तास उभे राहणे, हे काम दुरून दिसते तितके सुखाचे नव्हते.

पुढची दोन-तीन वर्षे फातमा बेगम यांच्यासाठी भरभराटीची गेली. १९२४ साली ‘सती सरदारबा’, ‘पृथ्वीवल्लभ’, ‘काळा नाग’ आणि ‘गुल-ए-बकावली’ असे त्यांचे चित्रपट आले. ‘पृथ्वीवल्लभ’ हा कन्हैयालाल मुन्शी यांच्या गुजराती कादंबरीवर आधारलेला होता. ‘गुल-ए-बकावली’ द्वारकादास संपत यांच्या कोहिनूर कंपनीने काढला. कांजीभाई राठोड यांनी तो दिग्दर्शित केला. डोळ्यांचे तेज परत आणणाऱ्या जादूच्या फुलाची ही जुनी दास्तान घरोघर ठाऊक असलेली. चित्रपट अतिशय चालला. १९२५ साली ‘मुंबईनी मोहिनी’ हा चित्रपट आला.

याच सुमारास जुबेदा आईच्या पाठोपाठ कोहिनूरमध्ये आली. तिचा जन्म १९११ चा, सुरतेचा. म्हणजे ती पडद्यावर आली तेव्हा बारा वर्षांची होती. एकट्या १९२५ साली तिचे नऊ चित्रपट प्रदर्शित झाले. आजच्या दृष्टीने पाहता बारा वर्षांच्या मुलीने स्टुडिओत राबावे ही गोष्ट आपल्याला पसंत पडणार नाही, आणि पडूही नये. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिलेला आहे. त्या वयाची जागा शाळेच्या बाकावर आहे. पण १९२३-२४ साली, बापाचे नाव नसलेल्या घरातल्या मुलीपुढे कोणत्या शाळेचे दार उघडे होते, हाही प्रश्न विचारावा लागतो. फातमा बेगम यांच्याजवळ जे एक धन होते ते त्यांनी मुलींना दिले. ते धन म्हणजे त्यांचे कसब.

स्वतःची कंपनी, स्वतःचा चित्रपट

१९२६ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी फातमा बेगम यांनी फातमा फिल्म्स ही संस्था स्थापन केली. नुसते नाव द्यायचे आणि कारभार दुसऱ्याने पाहायचा, असा हा प्रकार नव्हता. लेखन, दिग्दर्शन, निर्मिती आणि अभिनय या चारही बाजूंवर त्यांचा हात होता.

कंपनी चालवणे म्हणजे काय, याची कल्पना विद्यार्थ्यांना यावी म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. कोरी फिल्म परदेशातून बोटीने येई आणि तिचे पैसे रोख मोजावे लागत. कॅमेरा, छायालेखक, पोशाख, रंगवलेले पडदे, सुतार, मदतनीस, घोडे, जेवणखाण या साऱ्याचा खर्च चित्रपट पुरा होण्याआधी करावा लागे. रीळ धुऊन प्रती काढल्या की वितरकांशी आणि थिएटरमालकांशी सौदा ठरवावा लागे. हे सगळे व्यवहार पुरुषांच्या हातात. मतदानाचा हक्कही बायकांना नुकता कुठे, तोही मोजक्यांनाच, मिळू लागलेला. अशा बाजारात एका स्त्रीने हिशोबाची वही उघडून बसावे, ही साधी गोष्ट नव्हे. शिवाय आपली कंपनी चालू असतानाच त्या कोहिनूर आणि इंपीरियल या दुसऱ्या कंपन्यांच्या चित्रपटांतही काम करीत राहिल्या.

‘बुलबुल-ए-परिस्तान’ ही परीकथा होती, आणि तिच्यात ट्रिक छायाचित्रणाचा मोठा वापर होता. पऱ्या उडणे, माणूस क्षणात अदृश्य होणे असल्या करामती त्या काळी कॅमेऱ्यातच कराव्या लागत. फिल्मचा काही भाग झाकून चित्र घ्यायचे, मग फिल्म मोजून मागे फिरवून उरलेल्या भागावर दुसरे चित्र घ्यायचे, किंवा कॅमेरा थांबवून पात्र बाजूला करायचे आणि पुन्हा सुरू करायचे. एक फेरी चुकली तर साऱ्या दिवसाची मेहनत आणि महागडी फिल्म वाया जाई. पौराणिक चित्रपटांत फाळक्यांनी अशा चमत्कारांची वाट पाडून दिली होती. फातमा बेगम यांनी त्याच तंत्राची जोड उर्दू दास्तानीतल्या परिस्तानला दिली. लहानपणी ज्या कहाण्या रंगमंचावर पाहिल्या होत्या, त्या त्यांनी नव्या यंत्राच्या मदतीने पडद्यावर आणल्या.

१९२८ साली कंपनीचे नाव व्हिक्टोरिया-फातमा फिल्म्स असे झाले. त्या वर्षी ‘हीर रांझा’ आला. १९२९ साली ‘शकुंतला’, ‘मिलन दिनार’, ‘कनकतारा’ आणि ‘नसीबनी देवी’ हे चित्रपट आले. नावांवरून नजर फिरवली तरी दिसते की पंजाबची प्रेमकथा, कालिदासाची नायिका आणि परीकथा यांपैकी काहीही त्यांना परके नव्हते. त्यानंतर त्यांनी दिग्दर्शन केले नाही. पण वाट मोकळी झाली होती. पुढे काही वर्षांतच नर्गिसची आई जद्दनबाई यांनीही स्वतःची कंपनी काढून चित्रपट दिग्दर्शित केले.

इज्जतीचा प्रश्न

त्या काळी सिनेमात काम करणाऱ्या स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. जो माणूस चार आणे देऊन रात्री तिचा खेळ पाही, तोच सकाळी तिच्या नावाने नाक मुरडी. १९२७-२८ साली सरकारने टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली एक चित्रपट चौकशी समिती नेमली. तिने देशभर हिंडून साक्षी नोंदवल्या. त्यांत सिनेमाच्या धंद्यात घरंदाज बायका का येत नाहीत, हा विषय पुन्हा पुन्हा निघाला.

याच समितीने ज्या चित्रपटाची विशेष प्रशंसा केली तो ‘बलिदान’ हा १९२७ सालचा. रवींद्रनाथ टागोरांच्या नाटकावर आधारलेल्या या चित्रपटात पशुबळीच्या प्रथेचा निषेध होता. त्यात जुबेदा आणि सुलोचना या दोघी होत्या. सुलोचना म्हणजे पुण्यात जन्मलेल्या, यहुदी घराण्यातल्या रूबी मायर्स. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून त्या सिनेमात आल्या आणि मूकपटाच्या सर्वांत नावाजलेल्या तारका झाल्या. ज्या धंद्याला समाज हलका म्हणत होता त्या धंद्यातल्या बायकांच्याच कामाची सरकारी अहवालाने वाखाणणी करावी, हा काळाचा न्याय म्हटला पाहिजे.

आपण आपल्या मुलींना सिनेमात पाठवावे, असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. पण कष्टाने, हिशोबाने आणि कोणाचे नुकसान न करता भाकर कमावणाऱ्या स्त्रीची इज्जत तिच्या धंद्याच्या नावावरून ठरवू नये. आज आपल्या घरातल्या कोणी नर्स होतात, कोणी दुकानाचा हिशोब सांभाळतात, कोणी शिलाईचे काम घेतात. त्यांनाही थोड्याफार फरकाने तेच टोमणे ऐकावे लागतात, जे शंभर वर्षांपूर्वी फातमा बेगम यांना ऐकावे लागले असतील.

बोलपट आला

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि हिंदी पडदा बोलू लागला. निर्माते-दिग्दर्शक होते अर्देशीर इराणी. ज्या इराणींच्या कंपनीने १९२२ साली आईला पडद्यावर आणले, त्यांनीच नऊ वर्षांनी पहिल्या बोलपटाची नायिका म्हणून मुलीला निवडले. कथा जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरच्या नाटकाची. म्हणजे ज्या रंगभूमीवर फातमा बेगम घडल्या, तिचीच. स्टुडिओशेजारून आगगाड्या धावत, म्हणून चित्रीकरण रात्री गाड्या थांबल्यावर होई. माइक जागोजाग लपवून ठेवावे लागत. चित्रपटात सात गाणी होती. तिकिटांसाठी इतकी झुंबड उडाली की चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले.

बोलपटाने एका रात्रीत कित्येकांचे नशीब पालटले. पडद्यावर नुसते दिसणे पुरेसे होईना. साफ बोलता आणि गाता यावे लागले. सुलोचनासारखी सर्वांत मोठी तारका असूनही ‘आलम आरा’ची भूमिका जुबेदाला मिळाली, कारण जुबेदाच्या जिभेवर घरचीच उर्दू होती. नायक मास्टर विठ्ठल हे मराठी, मूकपटातले मोठे धाडसी नट; पण त्यांची हिंदुस्थानी कच्ची असल्यामुळे त्यांच्या वाट्याला फार थोडे बोलणे ठेवावे लागले. सुलोचनाबाई मात्र हरल्या नाहीत. यशाच्या शिखरावर असताना काम थांबवून त्यांनी हिंदुस्थानी शिकून घेतली, आणि १९३२ साली ‘माधुरी’ या बोलपटातून त्या पुन्हा पुढे आल्या. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला.

आपल्या अकोला-अमरावतीच्या विद्यार्थ्यांनी या प्रसंगाचा विशेष विचार करावा. आपल्या घरांत उर्दू आहे, बाजारात वऱ्हाडी मराठी आहे, कचेरीत प्रमाण मराठी आणि वरच्या शिक्षणात इंग्रजी आहे. यांतली कोणती भाषा उद्या कामाला येईल, हे आज सांगता येत नाही. जुबेदाला घरची भाषा उपयोगी पडली, सुलोचनाबाईंना मेहनतीने शिकलेली भाषा उपयोगी पडली. घरची उर्दू टिकवणे आणि राज्याची मराठी नीट शिकणे यांत कोणताही विरोध नाही. दोन्ही हाती असलेला विद्यार्थी काळ बदलला तरी मागे पडत नाही.

उत्तरायुष्य

बोलपटाची यंत्रे महाग होती. मूकपटाच्या काळातल्या अनेक कंपन्या त्या खर्चाला पुऱ्या पडल्या नाहीत आणि एकामागून एक बंद झाल्या. फातमा बेगम मात्र नटी म्हणून काम करीत राहिल्या. १९३८ सालच्या ‘दुनिया क्या है’ या चित्रपटानंतर त्या पडद्यावरून निवृत्त झाल्या. म्हणजे एकंदर सोळा वर्षांची ही कारकीर्द.

जुबेदाने पौराणिक आणि सामाजिक बोलपटांत नाव कमावले. ‘मीराबाई’, ‘झरीना’ हे तिचे गाजलेले बोलपट. १९३४ साली तिने दिग्दर्शक नानुभाई वकील यांच्याबरोबर महालक्ष्मी मूव्हीटोन ही कंपनी काढली. आईने दिलेला धडा मुलीने गिरवला, असेच म्हणावे लागेल. हैदराबादच्या धनराजगीर घराण्यातल्या नरसिंगगीर यांच्याशी तिचा विवाह झाला. १९४९ सालच्या ‘निर्दोष अबला’नंतर तिने चित्रपट सोडले. १९८८ साली मुंबईत तिचे निधन झाले. सुलताना पुढे पाकिस्तानात स्थायिक झाली, आणि तिची मुलगी जमीला हिनेही तेथील चित्रपटांत काम केले. म्हणजे आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्यांनी हे कसब जपले.

फातमा बेगम यांचे निधन १९८३ साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी झाले. मूकपटाचा जन्म, बोलपट, देशाचे स्वातंत्र्य आणि फाळणी, रंगीत चित्रपट आणि घरोघरचा दूरदर्शन संच, एवढे सारे त्यांच्या हयातीत घडून गेले.

काय उरले?

या साऱ्या हकीकतीतली सर्वांत दुःखाची बाब अखेरीस सांगायची आहे. ‘बुलबुल-ए-परिस्तान’ आज कोणालाही पाहता येत नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही. ‘आलम आरा’चीही तीच गत. भारतात १३०० हून अधिक मूकपट बनले असे मानतात; त्यांपैकी पूर्ण अथवा तुटक स्वरूपात शिल्लक राहिलेले जेमतेम तीसेक. त्या काळच्या फिल्मचे कचकडे ज्वालाग्राही असे, उष्णतेने कुजत असे, आणि गोदामाला आग लागली की सारे खाक होई. फिल्मवर चांदीचा अंश असल्यामुळे जुनी रिळे चांदी काढून घेण्यासाठी विकलीही जात. चित्रपट जतन करणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर फार उशीर झाला होता.

म्हणून फातमा बेगम आज आपल्याला भेटतात त्या चित्रपटांच्या याद्यांतून, काही छायाचित्रांतून आणि इतरांनी लिहिलेल्या ओळींतून. विवाहाचा कागद नाही, आणि ज्या चित्रपटाने त्यांचे नाव इतिहासात गेले त्याचे रीळ नाही. एवढे मोठे काम करूनही एका स्त्रीचा माग किती चटकन पुसला जातो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

आपल्या समाजाला हा इशारा आहे. आपल्या गावांतल्या पहिल्या शिक्षिका कोण, पहिली मॅट्रिक झालेली मुलगी कोण, कोणत्या आजीने शिलाईयंत्रावर मुलांना शिकवले, याच्या नोंदी कोठे आहेत? शाळांची जुनी हजेरीपत्रके, स्मरणिकांचे अंक, जुने फोटो आणि पत्रे रद्दीत जात आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्या दादी-नानीजवळ बसून त्यांची हकीकत वहीत उतरवून घ्यावी, फोटोमागे नाव आणि साल लिहून ठेवावे. हे काम करण्यास पैसा लागत नाही.

पालकांना एवढेच सांगणे आहे की, मुलीला देण्यासारख्या वस्तूंत हुनर, भाषा आणि तिच्या हक्काचा कागद या तीन वस्तू सर्वांत आधी याव्यात. फातमा बेगम यांना तिसरी वस्तू कोणी दिली नाही. पहिल्या दोन वस्तूंच्या बळावर त्यांनी स्वतःला आणि तीन मुलींना उभे केले. आपल्या मुलींना या तिन्ही वस्तू मिळाव्यात, आणि त्यासाठी त्यांच्या शाळेचे एकही वर्ष खर्ची पडू नये, ही जबाबदारी आता आपली आहे.